साहेबांनी उद्या बोलावलंय

तो मोबाइल आधी खिशात ठेव, रविराज. माझ्या डोळ्यांत उजेड जातो. आणि पूजा, शेकोटीत ती पिशवी टाकू नकोस गं, घाण वास सुटतो. हां. आता सांगतो. पण मधे मधे "खरंच का काका?" असं करायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस आपल्याच गल्लीत राहतो. उद्या सकाळी तो दूध आणायला निघाला की त्याच्याकडं टकामका बघत बसाल, तर माझ्याशी गाठ आहे.

हिरामण हवालदार. टोकाचं पिवळ्या गेटचं घर. हां, तोच.

मागच्या वर्षीची पौषातली संकष्टी होती. सतरा जानेवारी, शुक्रवार. थंडी आजच्यापेक्षा जास्त होती. संध्याकाळी सात-सव्वासातला हिरामण दुर्वा आणि दूध आणायला चौकात गेला, तिथं मला भेटला. उपासानं तोंड सुकलेलं, पण गडी खुशीत. म्हणाला, "सावळ्या, रात्री ये. आठवा भाग आहे. चंद्र उगवेपर्यंत बघू, मग तिथंच जेव. दुकानातनं मोदक पण घेतलेत."

आमच्याकडं नांदगावहून हिचे भाऊ आलेले. मी म्हटलं, "आज नाही जमत रे. उद्या येतो."

"बरं," म्हणाला, आणि पिशवी हलवत गेला. मला आजही त्या "उद्या"चं वाईट वाटतं. मी गेलो असतो तर काय झालं असतं, माहीत नाही. पण जायला पाहिजे होतं.

आठवा भाग म्हणजे काय, ते सांगतो. हिरामणला एका मालिकेचा नाद लागला होता. आपली नव्हे, विलायती, हिंदीत डब केलेली. दीडशे वर्षांपूर्वीचं लंडन, राणीचं राज्य, धुकं, घोडागाड्या, गल्लीबोळांत गॅसचे दिवे. कुणीतरी एकामागून एक गरीब बायका मारतंय, आणि एक उंच टोपीवाला फौजदार त्याच्या मागावर. हिरामण ती बघायचा म्हणजे जसा काही ड्यूटीवर. खुर्ची टीव्हीपाशी ओढून. "अरे, ती सुरी उघड्या हातानं काय उचलतोस, बावळटा!" "बघ्यांना मागं सार आधी! जत्रा आहे का ही?" मी शेजारी बसून शेंगा खायचो. खरं सांगू का, मालिकेपेक्षा ह्याच्या शिव्या ऐकायला मजा यायची.

वहिनी जाऊन तेव्हा पाच वर्षं झालेली. मुलगा बंगळूरला, रविवारी फोन करतो, तोही घाईत. त्या घरात आवाज म्हणून तेवढाच, टीव्हीचा आणि टीव्हीला शिव्या घालणाऱ्या हिरामणचा. मी रात्री घरी निघालो की तो गेटपर्यंत यायचा, उगाच काहीतरी विषय काढायचा. पाऊस, पेन्शन, नळाचं पाणी. माणसाला सोडवत नाही, ते कळतं आपल्याला. कळूनही आपण निघतोच.

तर त्या रात्री त्यानं वरण-भात लावला, बटाट्याची भाजी केली. गणपतीपुढं दुर्वा ठेवल्या. कॅलेंडरात बघितलं, चंद्रोदय साडेनऊच्या आसपास. पावणेनऊला मालिका लावून बसला.

त्या भागात चौथी बाई मेलेली असते. ओळख पटत नाही. ज्या मुसाफिरखान्यात ती झोपायला यायची तिथले लोक तिला एका नावानं ओळखतात. त्या नावाची बाई हरवल्याची तक्रार कुठंच नाही. आणि इकडं एक म्हातारा भाऊ खेड्यातनं चालत येतो, बहिणीला शोधत. चौकीतला शिपाई त्याला विचारतो, नाव काय? तो नाव सांगतो. शिपाई वही बघतो आणि म्हणतो, ह्या नावाची कुणी नाही. जा. म्हातारा जातो. मागच्याच खोलीत ती टेबलावर पडलेली असते. लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं. फौजदाराला दोन दिवसांनी उलगडा होतो, तोवर तिला पुरून टाकलेलं असतं.

हिरामणनं रिमोट दाबला. चित्र तिथंच थांबलं. धुक्यातली एक गल्ली, आणि पाठमोरा जाणारा तो म्हातारा.

त्याला नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच कळली.

मागच्या सिंहस्थाचं साल. जुलै महिना, कुंभाचं ध्वजारोहण तोंडावर आलेलं, सगळं पोलीस खातं बंदोबस्तात बुडालेलं. हिरामणच्या हद्दीत कालव्यात एका बाईचं प्रेत मिळालं. तिशीची असेल. पडली, का कुणी ढकललं, देव जाणे. अंगावर दागिना नाही, जवळ कागद नाही. फक्त डाव्या हातावर गोंदलेलं, "रूपाली". हिरामणनं ते वहीत लिहिलं. अनोळखी स्त्री, हातावर रूपाली गोंदलेले. तीन दिवस शवागारात ठेवली. कुणी आलं नाही.

कुणी आलं नाही, असं तो नऊ वर्षं समजत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारा आला होता. पेठ तालुक्याच्या बाजूचा, डोक्यावर गोणपाटाची खोळ, भिजून चिंब. म्हणाला, "साहेब, माजी पोरगी हारवली. भागी नाव." हिरामण सकाळपासून उपाशी. टेबलावर दहा फोन. त्यानं वहीवर नजर टाकली आणि म्हणाला, "भागी नावाची कुणी नाही बाबा. उद्या या." म्हातारा हात जोडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामणनं त्या बाईला पुरलं, आणि दुपारी त्याची त्र्यंबकला बंदोबस्तावर रवानगी झाली ती दोन महिन्यांसाठी.

आता तुम्हीच सांगा. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात की नाही? तुझ्या आईचं नाही का बदललं, पूजा? ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे. हे हिरामणला ठाऊक नव्हतं का? त्यानं स्वतः वहिनींचं नाव तसंच लिहिलेलं. बाप येणार तो माहेरचं नाव घेऊन येणार, हातावर असणार ते सासरचं. एक प्रश्न विचारायचा होता रे. एकच. सासरचं नाव काय? शवागार चौकीपासून पाच मिनिटांवर. बापानं लेकीचं तोंड बघितलं असतं.

हिरामण सांगतो, तो खुर्चीत बसून मोठ्यानं रडला. घरात कुणी नव्हतं, लाजायचं कुणाला. "मी बेवारस पुरली तिला, सावळ्या. बाप दारात उभा असताना."

मग दारावर थाप पडली.

नऊ वाजून वीस मिनिटं. त्याला वाटलं, मीच आलो. डोळे पुसत उठला. दार उघडलं.

म्हातारा.

डोक्यावर गोणपाटाची खोळ. निथळत होती. जानेवारीत... आभाळात ढग नाही. पायांत वहाणा नाहीत. दाढीचे खुंट तेच, तेवढेच पांढरे. नऊ वर्षांत एकही केस जास्त पिकलेला नाही.

"साहेब," म्हणाला, "उद्या या म्हनले व्हते. आलो."

दार लावावं, की पळावं... हिरामणला काही सुचेना. पळणार कुठं? घर त्याचंच. मागं टीव्हीवर ती धुक्यातली गल्ली. त्यानं मान वळवून बघितलं.

गल्ली होती. पाठमोरा म्हातारा नव्हता.

"आत... आत या," हिरामण म्हणाला.

म्हातारा आला. खुर्चीवर बसला नाही. भिंतीला टेकून उकिडवा बसला, लोक चौकीत बसायचे तसा. हिरामणनं कागद घेतला, पेन घेतलं. तीस वर्षांची सवय. कागद पुढं आला की प्रश्न तोंडात येतात.

"नाव?"

"लहानू."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं. पेठच्या पुढचा, घाटाखालचा एक पाडा. हिरामणनं लिहिलं.

"कोण हरवलंय?"

"पोरगी. भागी."

इथं हिरामण थांबला. नऊ वर्षांपूर्वी इथंच थांबला होता. घड्याळ टिकटिकत होतं. वरणाचा वास येत होता.

"बाबा... तिचं सासरचं नाव काय?"

म्हाताऱ्यानं मान फिरवली.

खोळीतलं पाणी फरशीवर पडत होतं. थेंब दिसत होते. आवाज नव्हता.

"त्या घराचं नाव मी घेत नाय," म्हातारा म्हणाला. "टाकली तिला त्यायनी."

"घ्या बाबा. एकदा घ्या. तेव्हा मी विचारलं नाही... आता विचारतो."

म्हाताऱ्यानं खोळ गच्च धरली.

"घ्या."

"रूपाली."

"हातावर?"

"त्येच. जत्रेत गोंदलं. लय रडली व्हती. सुई लागली म्हनून."

हिरामणनं पेन खाली ठेवलं. मला म्हणाला, "सावळ्या, तेव्हा मला भीती वाटत नव्हती रे. लाज वाटत होती." तो खुर्चीवरून उतरला. म्हाताऱ्यासमोर फरशीवर बसला. आणि बोलला. सगळं. कालवा, शवागार, वही, ती संध्याकाळ. "चुकलो मी. तुम्ही आलात तेव्हा ती होती. इथंच होती. मी तुम्हाला परत पाठवलं."

त्याला वाटलं, आता हा गळा धरील. धरावा, असंही वाटलं म्हणे.

म्हातारा एवढंच म्हणाला, "कुठं हाय?"

आता तुम्हाला हिरामणची एक रीत सांगतो. बेवारस माणसाला जाळत नाहीत, पुरतात. पुढं कुणी नातेवाईक आलाच तर उकरून ओळख पटवता यावी म्हणून. पण पुरलेल्या जागेवर लाकडाची खुंटी ठोकतात, ती दोन पावसाळ्यांत कुजते. म्हणून हा स्वतः पाटीभर सिमेंट कालवायचा, विटेएवढा ठोकळा घालायचा, आणि ओला असताना खिळ्यानं नंबर, तारीख लिहायचा. नोकरीभर केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही दिली नाही.

"मसणवट्याच्या मागं," हिरामण म्हणाला. "लिंबाखाली. चौदा नंबर."

म्हातारा उठला. "मंग ताब्यात द्या."

प्रेत ताब्यात देताना पावती करावी लागते. हिरामणनं लिहिली. अक्षर नीट काढलं. "माझी मुलगी भागी ऊर्फ रूपाली हिचे प्रेत मला ताब्यात मिळाले." खाली अंगठा लागतो. घरात शाईचं पॅड कुठलं? निवृत्त माणूस. त्यानं कपाट उघडलं, खण ओढले... नाही.

"ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. "तिथंच देतो."

दाराकडं वळला. आणि बघा, एवढं सगळं झाल्यावर हा हिरामण काय म्हणाला असेल?

"बाबा, जेवून जा."

कळलं का तुम्हाला? समोर कोण आहे, ते त्याला कळून चुकलं होतं. तरी म्हणाला. म्हणे, "त्या घरात किती दिवसांनी कुणीतरी येऊन बसलं होतं, सावळ्या. स्वयंपाक गरम होता."

म्हातारा उंबऱ्यात थांबला. मागं न बघता म्हणाला, "पोर वाट बघती."

गेला.

हिरामण धावत बाहेर आला. गल्ली रिकामी. खांबाखाली कुत्रं झोपलेलं, त्यानं मानसुद्धा उचलली नाही. पाण्याच्या टाकीमागनं चंद्र वर आलेला. आत येऊन बघतो तर फरशी कोरडी ठणठणीत. त्यानं चंद्राला हात जोडले, दोन ताटं वाढली आणि रात्रभर तसाच बसून राहिला. एकही घास खाल्ला नाही.

सकाळी सहाला माझं दार वाजवलं. मी म्हटलं, उपासानं पित्त चढलंय ह्याला, स्वप्न पडलं. तसं बोललोही. त्यानं खिशातून तो कागद काढला. त्यावर गावाचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात. मी चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, पेठची गाडी चार वर्षं केली. तो पाडा मला माहीत होता. हिरामणला माहीत असायचं कारणच नाही. नकाशात शोधूनही सापडत नाही तो, फाट्यापासून तीन किलोमीटर पायी.

मी पायांत चपला घातल्या. पाहुणे बघतच राहिले.

साडेदहाला पाड्यावर पोहोचलो. लहानूचं घर विचारलं. कुडाचं घर, अंगणात एक म्हातारी नागली निवडत बसलेली. सरुबाई, लहानूची बायको. हिरामणनं विचारलं, "बाबा आहेत का?"

ती आमच्याकडं बघतच राहिली. "त्यो? त्यो गेला की. कोरोनाच्या आदल्या साली."

हिरामण तिथंच मातीत बसला.

मी इकडची तिकडची ओळख सांगितली, लेकीचा विषय काढला. म्हातारी सूप बाजूला ठेवून बोलायला लागली. पोरगी सासरहून गायब झाली. सासरच्यांनी हात वर केले. हा नाशिकला गेला, साहेबानं सांगितलं उद्या या. उद्या गेला, साहेब नाही. परवा गेला, साहेब बंदोबस्तावर. तीनदा गेला. मग त्याचं डोकं चालेनासं झालं, रस्ता चुकायला लागला. "मंग कुटं जातो? फाट्यावर जाऊन बसायचा. उन्हाळा असो का काय असो, डोक्यावर खोळ. गाडीत चढायचा नाय. कुनी इचारलं का म्हनायचा, साहेबांनी उद्या बोलावलंय. मी म्हनायची, आवं, काल बी तुमी उद्याच म्हनत व्हते. तर माझ्यावरच चिडायचा. येकदा सकाळच्याला त्या फाट्यावरच बसल्या जागी गेला."

हिरामणनं तिचे पाय धरले. "आई, तो साहेब मी."

मला वाटलं, म्हातारी आता सूप घालते ह्याच्या डोक्यात. तिनं काही केलं नाही. एवढंच विचारलं, "पोरगी घावली का?"

"सापडली. उशीर झाला. पण सापडली. चला, दाखवतो."

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. म्हातारीच्या मांडीवर गाठोडं होतं, त्यात भाकरी बांधून घेतली होती, लेकीला भेटायला निघाल्यासारखी. हिरामण खिडकीबाहेर बघत होता. मधेच मला म्हणाला, "चौदा नंबरचा ठोकळा मीच घातलाय. गवत वाढलं असेल, पण सापडेल."

मसणवट्यात पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मागच्या बाजूला कुणी जात नाही. गवत गुडघ्याएवढं. अकरा नंबर दिसला. बारा, तेरा. लिंबाखालचं गवत मात्र आडवं झालेलं होतं, कुणी रात्रभर बसून उठल्यासारखं.

हिरामण खाली वाकला. हातानं माती झाडली. चौदा. खाली तारीख, जुलै दोन हजार पंधरा. त्याच्या हातची, खिळ्यानं काढलेली. तो तसाच वाकून राहिला, उठेना. मी म्हटलं, "काय रे?" मी जवळ गेलो.

तारखेच्या खाली एक खळगा होता. नखाएवढा खोल. मी बोटानं चाचपला. सिमेंट तसंच होतं, साडेनऊ वर्षांचं, दगडासारखं. चिरा नाहीत, कपचा उडालेला नाही. कडा गुळगुळीत. आत बारीक बारीक रेषा, गोल गोल.

अंगठा होता रे तो.

"तू घातला तेव्हा...?" मी विचारलं.

"नव्हता," हिरामण म्हणाला. "देवाशपथ नव्हता."

सरुबाई आमच्यामधून पुढं आली. खाली बसली. तिला दिसत कमी होतं, म्हणून तिनं त्या खळग्यावरून बोट फिरवलं, सावकाश, एकदा, दोनदा. मधोमध एक आडवी रेघ होती, ती बोटाला लागली तशी ती थांबली.

"कोयता लागला व्हता त्याला," ती म्हणाली. "लग्नाच्या सालीच. अंगठा आडवा चिरलेला."

मग तिनं गाठोडं सोडलं, भाकरी काढली आणि त्या ठोकळ्यावर ठेवली.